व्हॉट्सॅप, सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्डिंग : कोर्टात काय टिकतं?

गोदाकाठ

"मोबाइलमधला पुरावा कोर्टात चालत नाही" आणि "स्क्रीनशॉट दाखवला की काम झालं" ही दोन्ही वाक्यं मला सतत ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींपायी लोकांचं नुकसान होतं. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात वकिली करतो. जे रोज समोर येतं ते एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवात जालन्यापासून करतो, कारण आज देशभरातल्या कोर्टांत या विषयावर ज्या निकालाचा दाखला दिला जातो तो जालन्याच्या निवडणुकीतून आला आहे. २०१४ च्या विधानसभेला शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत होती. खोतकरांचे अर्ज तीननंतर घेतले गेले, असा गोरंट्याल यांचा आरोप. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे होते, म्हणजे किती वाजता काय घडलं ते चित्रीकरणात होतं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे त्याच्या सीड्या आल्या. अडलं ते एका कागदावर. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब (४) प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र (प्रत कोणत्या यंत्रातून, कशी निघाली ते यंत्र सांभाळणाऱ्याने सहीनिशी सांगणं) लागतं, आणि ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. शेवटी अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीत जे बाहेर आलं त्यावरून कलमाची पुरेशी पूर्तता झाली असं उच्च न्यायालयाने धरलं आणि २४ नोव्हेंबर २०१७ ला निवडणूक रद्द ठरवली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. रामसुब्रमणियन यांनी १४ जुलै २०२० ला निकाल दिला. त्यातल्या तीन गोष्टी पक्षकारांना माहीत असायलाच हव्यात. मूळ यंत्राऐवजी त्यातली प्रत दाखल करत असाल तर प्रमाणपत्र हवंच, साक्षीदाराने तोंडी सांगितल्याने ते भागत नाही. मूळ यंत्रच, म्हणजे तो फोन, तो लॅपटॉप कोर्टात आणला आणि त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून "हे माझं, यात हे साठवलेलं आहे" असं सांगितलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात आहे, तुम्ही प्रमाणपत्र लेखी मागितलंत, नाही मिळालं, कोर्टाकडून आदेश मागितलात, तरीही नाही मिळालं, तर तुमच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा कायदा करत नाही. गोरंट्याल यांनी हे सगळं केलं होतं. शिवाय सीड्या वगळूनही बाकीचा पुरावा पुरेसा होता, म्हणून खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती.

या निकालाआधी कायदा बराच हेलकावे खात होता. ६५-ब हे कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यासोबत २००० साली आलं. संसद हल्ल्याच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रमाणपत्र नसलं तरी दुय्यम पुराव्याच्या (मूळाऐवजी प्रतीच्या) नेहमीच्या वाटेने कॉल रेकॉर्ड, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला याच्या नोंदी, वाचता येतात. केरळातल्या एका निवडणूक याचिकेत (अन्वर विरुद्ध बशीर, सप्टेंबर २०१४) तीन न्यायाधीशांनी ते मोडून काढलं : प्रचाराची गाणी आणि घोषणा ध्वनिमुद्रित केल्या, संगणकात घेतल्या, त्यावरून सीडी केली, प्रमाणपत्र नाही, म्हणून सीडी बाद. मग २०१८ साली दोन न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा सूट दिली. जालन्याच्या निकालाने ती सूट काढून घेतली. अठरा-वीस वर्षं खालच्या कोर्टांनी कोणता निकाल धरायचा हे ज्याच्या त्याच्या वकिलावर अवलंबून होतं, आणि त्यात कितीतरी माणसं भरडली गेली असं माझं स्पष्ट मत आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्या तारखेआधी सुरू असलेल्या खटल्यांना जुनाच कायदा, नंतरच्यांना नवा. ६५-बच्या जागी आता कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचा ठरावीक नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापलेला आहे. भाग 'अ' यंत्राचा ताबा असणाऱ्याने भरायचा : यंत्र कोणतं, कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली का ते दाखवणारी अक्षर-आकड्यांची ओळ). भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा. हा दुसरा भाग नवा आहे आणि त्यावर खाली भांडण होणार याची मला खात्री आहे.

सगळ्यात महत्त्वाचं : कोर्ट पहिल्यांदा "हे खरं का?" असं विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, "हे कुठून आलं, कुणाकडे होतं आणि इथवर कसं पोचलं?" या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याचंच पुढचं ऐकलं जातं. म्हणून मूळ यंत्र जपा. बाकी सगळं त्यानंतर.

रानजाई

खूप उपयोगी धागा. माझाच प्रश्न विचारते. माझ्या भावाने एका मित्राला हातउसने पैसे दिले. काही बँकेतून, काही रोख. रोख दिलेल्याचं व्हॉट्सॅपवर आहे, "मिळाले रे, दिवाळीनंतर देतो" असं त्याने लिहिलंय. आता तो म्हणतो रोख घेतलेच नाहीत. भावाचा तो फोन जुना झालाय, डिस्प्ले तडकलाय, पण चालू होतो. घरचे म्हणतात स्क्रीनशॉट काढून ठेव आणि फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाक. द्यावा का?

गोदाकाठ

रानजाईताई, अजिबात देऊ नका. तो फोन हाच तुमचा मूळ दस्तऐवज आहे. फॅक्टरी रिसेट करू नका, अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका, 'डिसअपिअरिंग मेसेज' सुरू असेल तर आधी बंद करा. चॅट एक्स्पोर्ट करून ती फाइल स्वतःला मेल करून ठेवा. एक्स्पोर्टची फाइल साध्या मजकुराची असते आणि कुणीही तिच्यात बदल करू शकतो, म्हणून ती एकटी पुरेशी नाही. ती फोनसोबत जुळून आली की तिला अर्थ येतो. फक्त तो एकच मेसेज न ठेवता पूर्ण संवाद ठेवा. मधलाच एक मेसेज कापून दाखवला की समोरचा वकील पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

आणि मेसेज दाखल झाला म्हणजे कर्ज सिद्ध झालं असं नाही. व्हॉट्सॅप मेसेज हे तोंडी बोलण्यासारखेच असतात, त्यांचा अर्थ आणि मजकूर साक्षीपुराव्यातून शाबीत करावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या जानेवारीत जमीन विक्रीच्या एका दाव्यात सांगितलं आहे. तो नंबर त्याचाच हे दाखवावं लागेल. बँकेतून गेलेली रक्कम आणि मेसेजच्या तारखा जुळल्या तर भावाची बाजू खूप मजबूत होईल. बँकेचा उतारा साध्या प्रिंटने देऊ नका, बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्टप्रमाणे प्रमाणित करून मागा. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती कधीपासून मोजायची ते सगळी कागदपत्रं दाखवून वकिलाकडून लवकर ठरवून घ्या.

दक्षिणायन

लेख चांगला आहे, पण मूळ भूमिकेशी असहमत. सत्य समोर दिसत असताना कोर्टाने एका कागदासाठी डोळे मिटून घ्यायचे, हा न्याय कसा? पंजाबातल्या दोन लहान मुलांच्या अपहरण आणि खुनाचा खटला बघा. खालच्या कोर्टाने दोषी धरलं, उच्च न्यायालयात एका आरोपीची दोषसिद्धी टिकली, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात कॉल रेकॉर्डला ६५-बचं प्रमाणपत्र नाही म्हणून ते बाजूला ठेवले गेले आणि आरोपी सुटला. त्या आईवडिलांना हे कलम कोण समजावून सांगणार? प्रमाणपत्र पोलिसांनी आणलं नाही, मोबाइल कंपनीने दिलं नाही, शिक्षा मात्र फिर्यादीला.

गोदाकाठ

दक्षिणायन, तुमचा संताप मला पटतो, पण तो निकाल पूर्ण वाचा. कॉल रेकॉर्ड हे एकच कारण नव्हतं. शेवटचं सोबत पाहिल्याचा साक्षीपुरावा, इतर परिस्थितीजन्य दुवे, यांतही कोर्टाला मोठ्या त्रुटी दिसल्या. कॉल रेकॉर्ड मात्र तोंडी साक्षीवर वाचता येणार नाहीत हे कोर्टाने ठामपणे सांगितलं, इथपर्यंत तुमचं बरोबर.

याची दुसरी बाजूही आहे. प्रमाणपत्र राहून गेलं तर खटला संपेपर्यंत ते दाखल करायला कोर्ट परवानगी देऊ शकतं. बंगळुरूच्या २००८ मधल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात सरकार पक्षाला अशी परवानगी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. त्याआधी २०१७ मध्ये हरियाणाच्या एका खटल्यात असंही ठरलं की प्रमाणपत्र नाही हा आक्षेप पुरावा दाखल होतानाच घ्यायचा, खालच्या कोर्टात गप्प बसून अपिलात उकरून काढायचा नाही. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. तपास अधिकारी आणि सरकारी वकिलाने वेळेवर उठून कंपनीला पत्र लिहिलं पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे. ती पुरी होत नाही हे दुखणं खरं आहे, पण त्यावर इलाज नियम मोडणं नव्हे.

पैलतीर

मी इंग्लंडमध्ये राहते, म्हणून दक्षिणायन यांच्या मुद्द्यावर इथलं उदाहरण देते. ६५-बचा मसुदा इथल्याच १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्याच्या कलम ५ वरून घेतलेला आहे, आणि इंग्लंडने ते कलम १९९५ साली रद्दही केलं. फौजदारी बाजूला १९८४ च्या कायद्यात कलम ६९ होतं : संगणकातला पुरावा द्यायचा तर संगणक नीट चालत होता हे दाखवा. तेही जाचक वाटलं म्हणून १९९९ च्या कायद्याने काढून टाकलं. त्यानंतर कोर्ट असं गृहीत धरू लागलं की संगणक बरोबरच चालतो, चूक आहे म्हणणाऱ्याने ती दाखवावी.

त्याच काळात पोस्ट ऑफिसने 'होरायझन' नावाची हिशोबाची संगणक प्रणाली देशभर बसवली. गावोगावचे सबपोस्टमास्तर रोज संध्याकाळी हिशोब लावायचे आणि पडद्यावर तूट दिसायची. पैसे कुठेच गेलेले नव्हते, प्रणालीत दोष होते. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. माणसं तुरुंगात गेली, घरं विकली गेली, काहींनी जीव दिला. त्यांत दुकान आणि पोस्ट एकत्र चालवणारी भारतीय वंशाची कुटुंबंही बरीच होती. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, २०२१ च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा एकदम रद्द केल्या, आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून उरलेल्यांना निर्दोष करावं लागलं.

एकट्या माणसाला मोठ्या संस्थेच्या सर्व्हरमध्ये काय बिघडलं ते कसं दाखवता येणार? म्हणून मला वाटतं, संगणकाच्या मालकाने सही करून जबाबदारी घ्यावी ही अट गरिबाच्याच बाजूची आहे. तुम्ही तिला अडथळा म्हणता, मला ती ढाल वाटते.

दक्षिणायन

पैलतीर, हे माहीत नव्हतं. मोठ्या संस्थेविरुद्ध सामान्य माणूस, या बाजूने मी विचार केला नव्हता. वाचतो सविस्तर.

पण मग उलट परिस्थिती घ्या. सामान्य माणूसच पुरावा देतोय. रानजाईंच्या भावासारखा. आता त्याला नव्या कायद्याप्रमाणे भाग 'ब'साठी तज्ज्ञ आणायचा. तालुक्याच्या गावात हा तज्ज्ञ कुठे मिळतो? फी किती? चाळीस हजारांच्या उधारीसाठी तो फॉरेन्सिकवाल्याला काय देणार?

सह्यकडा

तज्ज्ञाच्या प्रश्नावर वकीलमंडळी बोलतील, मी हॅशबद्दल लिहितो, कारण सॉफ्टवेअरमध्ये रोजचं काम आहे आणि यावर गैरसमज फार आहेत.

हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइल कितीही मोठी असो, एसएचए-२५६ ने गणित केलं की ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ मिळते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदला, अख्खी ओळ बदलते. पोलिसांनी जप्तीच्या दिवशी पंचनाम्यात हॅश लिहिली आणि खटल्याच्या दिवशी तीच आली, तर मधल्या काळात फाइलला कुणी हात लावलेला नाही. पेनड्राइव्ह चार हातांतून गेला तरी चालतं. काढायला खर्च शून्य, विंडोज आणि लिनक्समध्ये त्यासाठी आज्ञा आधीपासूनच असतात.

आता तीन सावधगिऱ्या. पहिली : अनुसूचीच्या नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ असे पर्याय दिले आहेत. एमडी-५ मध्ये दोन वेगळ्या फाइलींची एकच हॅश तयार करता येते हे २००४ पासून माहीत आहे, आणि एसएचए-१ बाबतीत ते गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१७ मध्ये करून दाखवलं. २०२३ च्या कायद्यात हे दोन पर्याय असायला नको होते. तुम्ही एसएचए-२५६ वरच खूण करा. दुसरी : चालू फोनची हॅश काढता येत नाही, कारण फोन क्षणोक्षणी आत काहीतरी लिहीत असतो. हॅश निघते ती फाइलची किंवा फॉरेन्सिक पद्धतीने घेतलेल्या पूर्ण प्रतीची. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : हॅश फक्त एवढंच सांगते की हॅश काढल्यापासून फाइल बदललेली नाही. त्याआधी काय झालं ते सांगत नाही. बनावट व्हिडिओची हॅशसुद्धा अगदी व्यवस्थित जुळते. डीपफेकच्या जमान्यात हॅश जुळली म्हणून व्हिडिओ खरा, असं कुणी कोर्टात म्हणू लागलं तर ते फार घातक होईल.

अजून एक. व्हॉट्सॅपवर फोटो साधा पाठवला की तो दाबला जातो आणि कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहिती निघून जाते. वकिलाला पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि मूळ फोटो काढलेल्या फोनमध्येच राहू द्या.

टिपकागद

मी मुंबईत न्यायालयीन नोकरीतून निवृत्त झालो. सगळी चर्चा वाचली आणि जुने दिवस आठवले, कारण प्रश्न तोच आहे, यंत्र तेवढं बदललं.

साठच्या दशकात महापालिकेच्या कारकुनाला लाच देऊ करणाऱ्या माणसाचं बोलणं लपवलेल्या मायक्रोफोनवरून टेप केलं गेलं. युसुफअली नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६७ साली टेप ग्राह्य ठरली. टेप सीलबंद केली नव्हती याची दखल मात्र कोर्टाने घेतली. पुढे मुंबईचे कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) मलकानी यांचं प्रकरण. एका डॉक्टरकडे त्यांनी पैसे मागितले, लाचलुचपत खात्याने फोनला टेपरेकॉर्डर जोडून संभाषण घेतलं. १९७२ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, आणि पुरावा मिळवण्याची पद्धत सदोष असली तरी तेवढ्याने तो बाद होत नाही.

आणि १९८५ साली राम सिंग खटल्यात अटी एकत्र मांडल्या गेल्या. आवाज ओळखला गेला पाहिजे, खाडाखोड झालेली नाही हे दाखवलं पाहिजे, टेप सील करून सुरक्षित ताब्यात ठेवलेली असली पाहिजे, आवाज स्पष्ट असला पाहिजे. मुद्देमाल विभागात टेपची पाकिटं लाखेचं सील लावून यायची, सीलचा ठसा पंचनाम्यावर वेगळा असायचा आणि न्यायाधीश पाकीट उघडण्याआधी दोन्ही वकिलांना सील बघायला लावायचे. आज त्या लाखेच्या जागी हॅश आली आहे. पण सील बघण्याची ती सवय मात्र गेली. नमुना भरला जातो, हॅश लिहिली जाते आणि कोर्टात ती पुन्हा काढून कुणी ताडून पाहत नाही. बचावाच्या वकिलांनी हा हट्ट धरायला हवा.

गोदाकाठ

टिपकागदकाका, शेवटचं वाक्य मी उद्याच बाररूममध्ये सांगणार आहे.

दक्षिणायन यांच्या तज्ज्ञाच्या प्रश्नाकडे येतो. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. कलम ६३ (४) मध्ये "आणि तज्ज्ञ" एवढंच आहे, तो कोण हे तिथे लिहिलेलं नाही. कलम ३९ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९-अ खाली अधिसूचित झालेल्या परीक्षकाचं मत ग्राह्य धरलं आहे. तो सरकारी प्रयोगशाळेत बसतो. महाराष्ट्रात न्यायसहायक प्रयोगशाळा कलिन्याला आणि काही विभागीय शहरांत आहेत, आणि त्यांच्यावर आधीच फौजदारी खटल्यांचा डोंगर आहे. कारण भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं ठरलं आहे, आणि कलम १०५ ने झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक केलं आहे. या सगळ्यात उधारीच्या दाव्यातल्या चॅटला कोण वेळ देणार?

माझं मत स्पष्ट आहे. राज्य जेव्हा नागरिकाविरुद्ध पुरावा आणतं, किंवा बँक, मोबाइल कंपनी ग्राहकाविरुद्ध आणते, तेव्हा तज्ज्ञाची सही हवीच. पैलतीर यांनी सांगितलेलं तेच कारण. पण दोन सामान्य माणसांच्या दाव्यात भाग 'अ' पुरेसा धरावा आणि समोरच्याने खरोखर वाद घातला तरच तज्ज्ञ बोलवावा. कायद्यात तशी दुरुस्ती व्हायला हवी. तोपर्यंत माझ्या पक्षकारांना मी एकच वाट सुचवतो : शक्य तिथे मूळ फोन घेऊनच साक्षीला उभे राहा. नव्या कायद्याच्या कलम ५७ मध्ये योग्य ताब्यातून आलेली इलेक्ट्रॉनिक नोंद प्राथमिक पुरावा मानली आहे, त्यावर वाद उपस्थित झाला नाही तर. तरी सावधगिरी म्हणून नमुना भरून जोडतोच, कारण कलम ६३ प्रत्येक वेळी प्रमाणपत्र सोबत देण्याची भाषा वापरतं आणि त्यावर वरच्या कोर्टाचा शब्द यायला वेळ लागेल.

निशिगंध

नवरा-बायकोच्या भांडणात गुपचूप रेकॉर्ड केलेलं चालतं का? माझ्या मैत्रिणीच्या केसमध्ये तिच्या नवऱ्याने तिचे फोन वर्षभर रेकॉर्ड केलेत. तिला हे कळल्यापासून ती घरात कुणाशीच मोकळं बोलत नाही.

गोदाकाठ

वाचून वाईट वाटलं. कायद्याचं उत्तर देतो. पंजाबातल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात नेमका हाच प्रश्न होता. तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं की असं रेकॉर्डिंग घेणं पत्नीच्या खासगीपणावर घाला आहे, चालणार नाही. १४ जुलै २०२५ ला न्या. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या पीठाने तो निर्णय फिरवला. पती-पत्नीतलं बोलणं गुप्त ठेवण्याचं जे कलम आहे, त्यातच त्या दोघांमधल्या दाव्याचा अपवाद आहे, असं त्यांचं म्हणणं. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळेही तिथे पुराव्याचे नियम सैल आहेत.

पण तुमच्या मैत्रिणीला दोन गोष्टी सांगा. तो निकाल पती-पत्नींनी आपसात केलेल्या बोलण्याचा आहे. तिचं आईशी किंवा मैत्रिणीशी झालेलं बोलणं तिच्या नकळत टिपलं असेल तर तो वेगळा, बराच गंभीर विषय आहे, त्यावर तिच्या वकिलाने स्वतंत्रपणे विचार करावा. आणि रेकॉर्डिंग दाखल झालं तरी ते पूर्ण दाखल करा, तुकडे नकोत, असा अर्ज तिने जरूर द्यावा. भांडणात चिडून बोललेलं शेवटचं वाक्य ऐकवायचं आणि आधीची पंधरा मिनिटं कापून टाकायची, हा प्रकार मी फार पाहिला आहे.

रानजाई

निशिगंध, मैत्रिणीला सांग एकटी राहू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

चौथा_मजला

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. पार्किंगमध्ये गाडी ठोकून एकजण पळाला, एका आजोबांना लागलं. सीसीटीव्हीत दिसतंय. पोलिसांनी "फुटेज पेनड्राइव्हवर द्या" असं तोंडी सांगितलं. नुसतं देऊन टाकू की काही लिहून घ्यावं? आणि डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातलं) घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा मागे आहे, त्याने अडचण येईल का?

गोदाकाठ

सचिवसाहेब, आजच हलवा. डीव्हीआरची हार्डडिस्क भरली की ती जुन्यावर नवं लिहिते. कॅमेरे किती आणि डिस्क केवढी यावर ते अवलंबून असतं, अनेक ठिकाणी दोन आठवड्यांतच जुनं जातं. पोलीस ठाण्यांतल्या सीसीटीव्हीसाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये अठरा महिने साठवणीचा आदेश दिला आहे, पण सोसायटीला तसा नियम नाही.

फुटेज काढताना मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करू नका, डीव्हीआरमधूनच मूळ स्वरूपात फाइल एक्स्पोर्ट करा. सोबत त्याचा प्लेअरही घ्या, नाहीतर कोर्टात फाइल उघडत नाही. घटनेच्या आधीची आणि नंतरची दहा-पंधरा मिनिटंही असू द्या. घड्याळ आत्ता दुरुस्त करू नका. आधी पंचांसमक्ष डीव्हीआरवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ शेजारी ठेवून फोटो काढा आणि फरक पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा. असा फरक नोंदलेला असला की काही बिघडत नाही. नोंद नसेल तर आरोपीचा वकील "त्या वेळी माझा अशील दुसरीकडे होता" एवढ्यावरच सगळं उडवून लावतो.

हॅश सह्यकडा यांनी सांगितल्याप्रमाणे एसएचए-२५६ ने काढा आणि तीही पंचनाम्यात येऊ द्या. पोलिसांकडून लेखी मागणी घ्या, दिल्याची पोच घ्या. भाग 'अ'वर यंत्र सांभाळणारे म्हणून तुमची सही लागेल, तुम्हाला साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. त्याला घाबरू नका, जे केलंत तेच सांगायचं असतं. शक्य असेल तर मूळ हार्डडिस्क काढून सील करून पोलिसांच्या ताब्यात द्या आणि सोसायटीसाठी नवी बसवा. तो खर्च सर्वसाधारण सभेत मंजूर होईल.

चौथा_मजला

संध्याकाळीच समितीची बैठक लावतो. हार्डडिस्क बदलूनच घेतो. आजोबांचा मुलगा विचारत होता, गाडीवाल्याने नंतर फोनवर धमकी दिली, त्या कॉलची नोंद किती दिवस मिळते?

गोदाकाठ

कॉलची नोंद म्हणजे कोणी कोणाला कधी आणि किती वेळ फोन केला एवढंच. बोलणं त्यात नसतं. दूरसंचार खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यांच्या अटी बदलून ही नोंद किमान दोन वर्षं ठेवायला सांगितलं आहे, आधी ते एक वर्ष होतं. ती पोलीस किंवा कोर्टच मागवू शकतं. त्यामुळे मुलाला म्हणावं, धमकीची तक्रार आजच लेखी द्या, त्यात दोन्ही नंबर, तारीख आणि वेळ लिहा, आणि "कंपनीकडून या कॉलची नोंद कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह मागवावी" ही ओळ अर्जातच घाला. पोचपावतीवर ठाण्याचा शिक्का घ्यायला विसरू नका.